जुन्या सुवर्णगढातली तरंगिणी

सविताच्या घरात साडेआठ वाजले की टीव्ही बंद व्हायचा. मनमाडच्या त्या रेल्वे कॉलनीत असं घर एकच. बाकी झाडून सगळ्या घरांतून एकाच वेळी तुतारी वाजायची आणि नव्या 'सुवर्णगढ'चा त्या दिवसाचा भाग सुरू व्हायचा. सविता उठून खिडक्या लावून घ्यायची. शेजारच्यांचा समज असा झाला होता की या घरी साडेआठला काहीतरी जपजाप्य चालतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. सुवर्णगढ एकच, आणि तो म्हणजे एकोणीसशे नव्वद साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो. आता २००८ च्या दसऱ्यापासून त्याच नावाची, त्याच राजाची, त्याच राज्याची गोष्ट कुणीतरी पुन्हा नव्यानं काढली होती, आणि तीही आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्याचं नाव सांगून लग्नाच्या पंगतीत बसावं तसला हा प्रकार, असं तिचं ठाम मत. तिनं जाहिरात तेवढी पाहिली होती. त्यात राजानं अंगात काही घातलंच नव्हतं. छाती तेल लावून अशी चमकवलेली की स्वारी लढाईला निघालीय की तालमीला, कळायला मार्ग नाही. राणीच्या अंगावर अख्खा सराफ बाजार. कुणी साधं पाणी मागितलं तरी वीज कडाडायची आणि खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवायचे.

तेवढी जाहिरात पाहून तिनं घरात हुकूम काढला. ती मालिका बघायची नाही, ऐकायची नाही आणि तिचं नावही काढायचं नाही. नवरा मनोज रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. हुकूम मानायची त्याला सवय होती. फक्त त्या दसऱ्यापासून त्याला जेवण एकाएकी जड जायला लागलं. "पाय मोकळे करून येतो," म्हणत तो रोज सव्वाआठला निघायचा आणि नऊनंतर परत यायचा. कोपऱ्यावरच्या गेणूच्या पानटपरीत एक छोटा टीव्ही आहे, हे सविताच्या गावीही नव्हतं.

जुना सुवर्णगढ कसा होता, हे तिला चुकूनही विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. खरं सांगायचं तर त्यात राजाचा महाल आणि शत्रूचा महाल एकच असायचा. पडदे तेवढे बदलायचे, आणि माहेरच्या गल्लीतल्या साळूबाईंच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तेही कळायचं नाही. नदी म्हणजे दोन बाजूंनी धरून हलवलेलं कापड. एका भागात सेनापतीच्या मनगटावर चक्क घड्याळ राहून गेलं होतं, आणि त्याचंही सविताला तेव्हा काही वाटलं नव्हतं. सेनापती म्हटल्यावर वेळ पाळावी लागतेच.

पण त्यात तरंगिणी होती. तरंगिणी म्हणजे राजाची थोरली बहीण. राजा-राणी शत्रूच्या कैदेत सापडल्यावर ती तान्ह्या राजकुमाराला पाठीशी बांधते आणि रानावनातून निघते. ती रविवारमागून रविवार नुसती चालत होती. अंगावर दागिना नाही, डोळे वटारणं नाही, मोठमोठी वाक्यंसुद्धा नाहीत. तरीही नाशिकच्या द्वारका चौकामागच्या त्या गल्लीतली सगळी माणसं साळूबाईंच्या खोलीत श्वास रोखून बसायची, आणि बाई नदीत उतरली की पुढे बसलेली पोरं आपले पाय वर घ्यायची.

सविता तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ दीपक पाच वर्षांचा. वडील पुंजा द्वारकेच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मुकादम होते. दिवस उजाडला की ट्रकांमागे जायचे ते अंधार पडल्यावरच घरी. आई भिमाबाई अंथरुणाला खिळलेली. दीपकला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, त्याचं शेंबडं नाक पुसायचं, हे सगळं सविताकडे होतं. त्यामुळे तरंगिणी तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही. पुढच्या वर्षी आई गेली. सवितानं मनाशी तेव्हाच एक ठरवून टाकलं. दीपकचं लग्न होईल, त्याला मुलगी होईल, बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आपण नाव ठेवू तरंगिणी. पुढे तिचं लग्न झालं, मनमाडला गेली, दोन मुलगे झाले. पण ते नाव तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सांगितलं की उष्टं होतं, अशी तिची समजूत होती.

दीपक मोठा झाला, त्यानं स्वतःचा टेम्पो घेतला आणि सटाण्याच्या कांदेवाल्यांच्या घरातली पूजा नावाची मुलगी बायको म्हणून आणली. पूजा बावीस वर्षांची, मितभाषी, कामाला चटपटीत. तिचं आणि नणंदेचं तसं बरं होतं, दिवाळीपर्यंत. दिवाळीत सविता भाऊबीजेला आली. पूजाला सातवा महिना होता. साडेआठला ती पाय पसरून नवा सुवर्णगढ बघत बसली आणि सविता स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"हे काय लावलंयस? असलं पोटात पोर असताना बघू नये," ती म्हणाली आणि तिनं सरळ बटण दाबून टीव्ही बंद केला. "चल, ताटं घेऊ."

भाग नेमका रंगात आलेला.  पूजानं उठून ताटं घेतली, वाढलं. सविताला वाटलं, झालं, पोर समजूतदार आहे. भावजयीच्या मनात ते बटण किती खोल गेलंय, याचा तिला पत्ताच नव्हता.

माघात मुलगी झाली. पत्रिकेत अक्षर 'त' निघालं, तेव्हा सविताला आकाश ठेंगणं झालं. देवालासुद्धा जुनाच सुवर्णगढ आवडतो, असं ती मनोजला म्हणणार होती, पण म्हटलं तर नाव फुटलं असतं. दीपकचा फोन आला.

"ताई, पूजा म्हणत होती, तन्वी नाव कसं वाटतंय?"

"नाव आत्यानं ठेवायचं असतं," सविता म्हणाली. "त्यात तुम्ही कुणी डोकं घालायचं नाही. मी ठरवलंय."

"काय ठरवलंयस, ते तरी सांग."

"पाळण्यात कळेल."

बारसं द्वारकेजवळच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्येच होतं. पाळणा झेंडूनं सजवलेला, घुगऱ्यांचं पातेलं भरलेलं, गल्लीतल्या जुन्या-नव्या सगळ्या बायका जमलेल्या. सटाण्याहून पूजाची आई झुंबरबाई आली होती. तिनं नातीसाठी कुंच्या-टोपड्यांचं गाठोडं आणलं होतं आणि ती ते येईल त्याला उघडून दाखवत होती. सविता नवी पैठणी नेसून मिरवत होती. पाळणा म्हणून झाला. बाळाला पाळण्याखालून-वरून देऊन घेऊन झालं. मग सविता पाळण्यावर वाकली, तिनं त्या एवढ्याशा कानाशी तोंड नेलं आणि 'कुर्र' करून नाव सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रीतीप्रमाणे पोरीबाळींनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले.

"नाव काय, नाव काय?" बायकांचा एकच गलका झाला.

सविता ताठ उभी राहिली. अठरा वर्षं जपलेलं नाव, ते पुटपुटून कसं चालेल.

"तरंगिणी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

पाठीवरचे बुक्के थांबले. कुणाचा हात वरच्या वर राहिला. घुगऱ्या चघळणाऱ्या तोंडांनी चघळायचं थांबवलं. मग मागच्या रांगेतून कुणा पोरीनं तोंडानं आवाज काढला, "ढँग, ढँग, ढँग," आणि सगळी खोली खो-खो हसत सुटली.

सविता बघतच राहिली. हसण्यासारखं काय झालं, ते तिला कळेना. तेवढ्यात झुंबरबाई पुढं झाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ताई, हाई नाव शे का इख?" ती म्हणाली. "तुमले माझ्या नातीसाठी हाईच भेटलं?"

"का? विष म्हणण्यासारखं काय झालं नावाला?"

 पूजानं पाळण्यातून मुलीला उचललं, छातीशी धरलं आणि ती आतल्या खोलीत गेली. जाताना तिनं नणंदेकडे पाहिलं.  संध्याकाळी सविता निघाली, तेव्हा पूजा नमस्काराला बाहेर आली नाही. दीपकनं बसस्टँडपर्यंत सोडलं.

"अरे, निदान सांग तरी," सविता म्हणाली.

"तुला सगळं माहीत असून वरून मलाच विचारतेस, ताई," दीपक म्हणाला. "आम्ही तिला तन्वी म्हणू. तू आता यात पडू नकोस."

मनमाडला पोहोचल्यावर तिनं मनोजला फैलावर घेतलं. तू काही ऐकलंस का, लोक का हसले, ढँग ढँग म्हणजे काय. मनोजनं बराच वेळ चप्पल शोधली. मग चप्पल पायातच आहे हे लक्षात आल्यावर तो खाली बसला आणि त्यानं सगळं कबूल केलं. पानटपरीसकट.

नव्या सुवर्णगढात तरंगिणी खलनायिका होती. कपाळावर नागाच्या आकाराचं काळं कुंकू, डावी भुवई कायम वर चढवलेली, आणि ती पडद्यावर आली की तीनदा ढँग वाजायचं. राज्य आपल्या मुलाला मिळावं म्हणून ती भावाच्या तान्ह्या पोराच्या जिवावर उठलेली. आणि अगदी बारशाच्या आदल्या आठवड्यात तिनं काय केलं होतं, तर राजकुमाराच्या बारशाला आत्या म्हणून पुढं होऊन पाळण्याच्या रेशमी दोरीला विष लावलं होतं.

"पाळण्याच्या दोरीला?" सविता म्हणाली.

"हो. बाळ दोरी तोंडात घालेल म्हणून."

"आणि तुला हे सगळं माहीत होतं."

"तूच म्हणालीस ना, घरात नाव काढायचं नाही," मनोज म्हणाला. "शिवाय तू नाव कुठं सांगितलं होतंस मला? नाहीतर हुकूम मोडून बोललो असतो."

 तिनं भिंतीला पाठ टेकली. तिला एकेक उलगडत गेलं. दिवाळीत आपण बटण दाबलं. पूजानं ते गिळलं. मग आपण म्हणालो, नावात डोकं घालू नका. आणि मग भरल्या घरात, पाळण्याची दोरी हातात धरून, आत्यानं तिच्या लेकीला विषारी आत्याचं नाव दिलं. नवी मालिका बघते म्हणून नणंदेनं सूड उगवला, असंच पूजा समजणार. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच समजलो असतो, हे सविताला मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिनं फोन केले. दीपक 'गाडीवर आहे, नंतर करतो' म्हणायचा आणि करायचा नाही. पूजा फोन उचलायची नाही. होळी गेली, पाडवा गेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ यायला लागली. त्या भागात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आणि न्यायला भाऊ येतो. दीपक एकही वर्ष चुकला नव्हता. टेम्पो घेतल्यापासून तर तो टेम्पोच घेऊन यायचा आणि सविता पुढच्या सीटवर बसून सगळ्या कॉलनीला हात करत निघायची. यंदा कॉलनीतल्या बायका विचारायला लागल्या, भाऊ कधी येतोय. सविता म्हणायची, येईल, कांद्याचा हंगाम आहे ना, गाड्यांना उसंत नसते. असं सांगताना तिला स्वतःचीच कीव यायची. आईवडील दोघंही गेलेले. माहेर म्हणजे दीपक आणि पूजा. ते दार बंद झालं की संपलंच, मग नाशिकला जायचं कुणाकडे आणि कशाला.

"तू एकदा बघ तर ती मालिका," मनोज म्हणाला. "दोन भाग बघ, तिला सांग, चांगली आहे. वाद मिटेल."

"तसलं खोटं मला जमणार नाही," सविता म्हणाली. "चुकले ते चुकले. पण ती मालिका भिकारच आहे."

आखाजी तोंडावर आली तरी फोन नाही, हे पाहिल्यावर तिनं पिशवी भरली आणि बोलावणं नसताना ती चांदवडमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली. द्वारकेला उतरून ती फ्लॅटचा जिना चढली. दार पूजानं उघडलं. खांद्यावर मुलगी होती. पूजानं 'या' म्हटलं, पाणी दिलं आणि ती समोर बसली. पाणी दिलं हेच खूप, असं सविताला वाटलं.

"दीपक कुठंय?"

"पिंपळगावला गेलेत माल घेऊन. येतील संध्याकाळी."

मग सविता आडपडदा न ठेवता बोलली. "पूजा, मला माहीत नव्हतं. आईची शपथ, मला ती नवी तरंगिणी कोण हे माहीतच नव्हतं."

"ताई, आमच्या दूधवाल्याला माहीत आहे," पूजा म्हणाली. "खाली इस्त्रीवाला आहे ना, त्याला माहीत आहे. सगळ्या नाशकात तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं?"

"मी मनमाडला असते."

"मनमाडला टीव्ही नाही?"

"आहे. पण मी बघत नाही ना. एक भाग बघितला नाही."

पूजानं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि नणंदेकडे रोखून पाहिलं. तिचा विश्वास बसलेला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "सेनापती रुद्रभानला कुणी मारलं, सांगा."

"मारलं?" सविता म्हणाली. "अगं, तो कुठं मरतो? तो शेवटपर्यंत लंगडत असतो. लंगडा सेनापती, म्हणून तर त्याला कुणी पकडत नाही, सगळ्यांना वाटतं हा काय करणार."

"लंगडत? तो तर गच्चीवरून घोड्यावर उडी मारतो."

"रुद्रभान?"

"बरं, राणीच्या बहिणीचं नाव काय?"

"राणीला बहीण नाहीये."

"आहे. जुळी. दिवाळीपासून महालात राणी म्हणून तीच राहतेय."

सविता पुढं सरकली. भांडण मिटवायला आलोय, हे ती पार विसरली. "मग खरी राणी कुठंय?"

"भुयारात. तिची स्मृती गेलीय."

"आणि राजाला कळलं नाही?"

"नाही."

"दिवाळीपासून?"

"हो ना."

"अगं, पण नवरा आहे ना तो तिचा," सविता म्हणाली. "माझ्या नवऱ्याला पायातली चप्पल दिसत नाही, पण त्यालासुद्धा एवढं कळलं असतं."

पूजानं ओठ दाबून धरले. तरी तिला हसू फुटलंच, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. मुलगी खांद्यावर हिंदकळून जागी झाली. "मलाही तेच वाटतं," पूजा हसता हसता म्हणाली. "पण कुणाला म्हणणार? सगळे एवढे मन लावून बघतात." हसणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. आवाज आता मऊ झाला होता. "खरंच बघितलं नाहीत तुम्ही. दिवाळीत तुम्ही टीव्ही बंद केलात ना, त्या दिवशी मला रडू आलं होतं. वाटलं, तुम्हाला मीच आवडत नाही."

"तसं नाही गं. मला ती मालिका आवडत नाही. तू आवडतेस," सविता म्हणाली. "पण बंद करायला नको होता. तुझं घर, तुझा टीव्ही. चुकलंच माझं."

पूजानं मुलीची पाठ थोपटली. मग म्हणाली, "तुमच्या तरंगिणीनं काय केलं होतं असं?"

हा प्रश्न सविताला आजवर कुणी एवढ्या आपलेपणानं विचारला नव्हता. ती सांगायला लागली. तान्ह्या पोराला पाठीशी बांधून बाई कशी निघाली, रानात एकदा नुसती कच्ची फळं कशी खाल्ली, पोराला दूध मिळावं म्हणून गुराख्याच्या घरी दासी होऊन कशी राहिली. शेवटच्या भागात राजा-राणी सुटतात, राजकुमार आता मोठा झालेला असतो, त्याला सिंहासनावर बसवतात. तो भर दरबारात विचारतो, मला रानातून कुणी आणलं? दरबारी लोक राणीकडे बोट दाखवतात. त्यांना तेवढंच ठाऊक असतं. तरंगिणी मागं गर्दीत उभी असते. ती ऐकते, हसते आणि निघून जाते.

"सांगत नाही?" पूजानं विचारलं.

"नाही."

"का पण?"

"काय सांगायचं? त्याला एवढ्या वर्षांनी आई मिळाली होती. ती कशाला हिरावून घ्यायची," सविता म्हणाली.

मुलीनं तेवढ्यात भोकाड पसरलं. पूजानं थोपटलं, हलवलं, पण ती ऐकेना. "आण इकडे," म्हणत सवितानं तिला घेतलं, दोरीवरची एक जुनी ओढणी ओढली आणि मुलीला झटक्यात पाठीशी बांधलं. हात अजून विसरले नव्हते. ती खोलीत हळूहळू फेऱ्या मारायला लागली आणि पाठीमागे थोपटत पुटपुटली, "झोप राजकुमारा, नदी पार व्हायचीय अजून. झोप राजकुमारा, नदी पार व्हायचीय अजून."

पूजा उठून उभी राहिली. "ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हे आत्ता म्हणालात ते. तुमचे भाऊ रोज हिला झोपवताना हेच म्हणतात. अगदी हेच. मी हसते त्यांना, पोरीला राजकुमार काय म्हणता. हे मालिकेतलं आहे?"

सविता जागच्या जागी थांबली. "मालिकेत नव्हतं," ती म्हणाली. "मालिकेत हिंदी असायचं, जडजड. मला कुठलं जमतंय. साळूबाईंच्या घराकडे जाताना गल्लीत गुडघाभर पाणी साचायचं. त्यातून दीपकला पाठीवर घेऊन जायचे, तेव्हा तो भ्यायचा. म्हणून मीच म्हणायचे काहीतरी."  दीपकला जुना सुवर्णगढ आठवत नाही, साळूबाईंची खोली आठवत नाही, हे तिनं कधीच सोडून दिलं होतं. एवढं एक त्याच्याकडे राहिलंय, हे तिला आज कळलं.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दीपक जिना चढून आला आणि दारातच थबकला. बहिणीला पाहून त्याला काय करावं ते सुचेना. सविताच्या पाठीवर मुलगी, पूजाच्या डोळ्यांत पाणी, म्हणजे भांडण झालंय की मिटलंय, त्याचा त्याला अंदाज येईना.

"अहो," पूजा म्हणाली, "तुम्ही हिला झोपवताना ते म्हणता ना, नदी पार व्हायचीय. ते तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ते होय," दीपक म्हणाला. बायकोनं भलताच सोपा प्रश्न विचारला म्हणून त्याला हायसं वाटलं. "आई म्हणायची. मी तिच्या पाठीवर असायचो आणि खाली सगळं पाणी. आईची तेवढीच एक आठवण आहे मला. बाकी तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही." तो बहिणीकडे वळला. "आठवतं का गं ताई, तुला? आई म्हणायची ना?"

पूजानं बोलायला तोंड उघडलं. सवितानं तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडीशी.

"हो," सविता म्हणाली. "आईच म्हणायची."

दीपकनं समाधानानं मान डोलावली आणि तो मोरीकडे हातपाय धुवायला गेला. त्यानं नळ सोडला. पूजा अजून नणंदेकडेच बघत होती. मग तिनं पदर खोचला, परात घेतली आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाली, "ताई, तरंगिणी झोपली का, बघा. झोपली असली तर आत टाका. आणि आखाजी होईपर्यंत मनमाडचं नाव काढू नका."

नळ बंद झाला. दीपकनं ओल्या तोंडानं मोरीतून डोकं बाहेर काढलं. "कोण झोपली का?"

"तुमची मुलगी," पूजा म्हणाली आणि पिठाचा डबा उघडायला स्वयंपाकघरात गेली.